एसी थंड करत नाहीये, मेकॅनिक म्हणतो गॅस संपला – भरण्याआधी काय काय बघायचं?

पितळी_नट
नमस्कार मंडळी. मार्च लागला की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, एसी थंड करत नाहीये, माणूस येऊन बघून गेला, गॅस संपलाय म्हणाला, भरून घेऊ का? एसी-फ्रिजच्या कामातच माझी बरीच वर्षं गेलीत म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगावं लागणार नाही.

एसीतला गॅस संपत नसतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही. तांब्याच्या बंद नळीत तो गोल गोल फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या युनिटमध्ये नेऊन टाकतो आणि परत येतो, बस. घरातल्या फ्रिजमध्ये पण असाच गॅस असतो, त्यात दरवर्षी कोणी भरतं का? तेव्हा गॅस खरंच कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळलाय, आणि ती जागा न शोधता वरून भरलेला गॅस त्याच जागेतून परत जाणार, पुढच्या उन्हाळ्यात परत तोच फोन.

आणि खूप वेळा गॅसचा काही संबंधच नसतो. फिल्टर धुळीनं बंद झालेला असतो, बाहेरच्या युनिटची जाळी भरलेली असते, कोणीतरी रिमोटवर चुकून फॅन मोड नाहीतर ड्राय मोड लावलेला असतो. म्हणून माणूस बोलवायच्या आधी एवढं करा: फिल्टर काढून नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, परत लावा. मोड कूल करा, फॅन हाय, दारं-खिडक्या बंद, २० मिनिटं चालू द्या. मग साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, एकदा इनडोअरच्या वरच्या बाजूला जिथून हवा आत ओढली जाते तिथं धरा आणि एकदा जिथून गार हवा येते तिथं. दोन्हींत ८ ते १२ डिग्री फरक असेल तर मशीन त्याचं काम करतंय, खोली गार होत नसेल तर कारण दुसरीकडं आहे. फरक तीन-चार डिग्रीच असेल तर मात्र खरा बिघाड. पावसाळ्यात हा फरक थोडा कमी दिसतो, घाबरू नका, तेव्हा एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.

विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं उत्तर देतो.

सातवा_मजला
खूप गरजेचा धागा. माझंच उदाहरण घ्या, दीड टनाचा स्प्लिट, इन्व्हर्टर, बेडरूम साधारण १३० चौरस फूट, गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गॅस भरला, यंदा परत तोच प्रकार, थंड हवा येते पण थोडीच, आणि इनडोअरला मागं डाव्या बाजूला बर्फ धरलेला दिसला. बर्फ धरतो म्हणजे गॅस जास्त झालाय असं शेजारच्या काकांचं म्हणणं आहे, आणि मेकॅनिक म्हणतो कमी झालाय. नक्की काय?

पितळी_नट
ताई, बर्फ धरला म्हणजे गॅस जास्त, हे नाही. बर्फ दोन कारणांनी धरतो. एक म्हणजे कॉइलवरून (इनडोअरमधली गार होणारी नळ्यांची जाळी) हवा पुरेशी जात नाही, फिल्टर किंवा ब्लोअर घाणीनं भरलाय. दुसरं म्हणजे गॅस कमी झालाय, गॅस कमी की आतला दाब पडतो, दाब पडला की कॉइलचं तापमान शून्याखाली जातं आणि हवेतलं पाणी तिथंच गोठतं.

ओळखायचं कसं ते सांगतो. हवा कमी असेल तर अख्खी कॉइल सारखी गोठते आणि बाहेर येणाऱ्या जाड नळीवरही बर्फ दिसतो. गॅस कमी असेल तर कॉइलचा एकच तुकडा गोठतो, बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट, आणि बाहेरच्या युनिटला जी बारीक नळी जोडलीये तिच्या नटापाशी पांढरं हिम दिसतं. तुम्ही सांगताय त्यावरून दुसरं वाटतंय, पण आधी एसी बंद करून फक्त फॅन लावा, बर्फ पूर्ण वितळू द्या, फिल्टर धुवा आणि मग परत बघा. बर्फ असताना चालवत राहू नका, कॉम्प्रेसरवर (बाहेरच्या युनिटमधला, गॅस दाबून फिरवणारा पंप) ताण येतो.

आणि एका वर्षात परत कमी झाला म्हणजे गळती आहेच, यात शंका नको. आता माणूस आला की टॉप-अप, म्हणजे गळती न शोधता नुसता वरून गॅस, करू देऊ नका.

नागमोडी
एक शंका, आमच्याकडं दरवर्षी एप्रिलमध्ये टॉप-अप होतो, एएमसीतच (वार्षिक देखभालीच्या करारात) येतं, एसी नऊ वर्षं चाललाय. मग काय बिघडलं? लीक शोधायला सगळं सोडवायचं, ब्रेझिंग (नळी तापवून धातूनं सांधणं) करायचं, त्यापेक्षा हे स्वस्त नाही का?

पितळी_नट
नऊ वर्षं चाललाय याचा आनंद आहे, पण बिघडतं ते सांगतो. गॅस कमी असताना कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि त्याला थंड ठेवणारा जो परत येणारा गार गॅस असतो तोच कमी मिळतो, म्हणून तो तापतो. म्हणजे एप्रिलपर्यंतचे सगळे महिने तुम्ही बिलात पैसे भरता आणि कॉम्प्रेसरचं आयुष्यही घालवता.

दुसरी गोष्ट, तो गॅस जातो कुठं? हवेत. आताच्या बऱ्याच एसींतला आर-३२ हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ६७५ पट उष्णता धरून ठेवतो, शंभर वर्षांच्या हिशोबानं, आणि त्याआधीचा आर-४१०ए तर दोन हजारांच्या वर. एक किलो आर-४१०ए सुटला की दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. आपण घर गार करायला बाहेरची हवा तापवतोय, मला हे खरंच टोचतं.

तिसरं, आर-४१०ए हे दोन गॅसचं मिश्रण आहे, गळालेल्या मशीनमध्ये वरून अंदाजानं भरत राहणं बरोबर नाही, उरलेला काढून पूर्ण वजनानं भरायला हवा.

मीटर_रीडिंग
सातवा_मजला ताई, नीट काम करणारा माणूस आला हे कसं ओळखायचं ते मी सांगते, आमच्याकडं हे सगळं होऊन गेलंय. त्याच्याकडं नायट्रोजनचा सिलिंडर हवा, व्हॅक्यूम पंप हवा आणि वजनकाटा हवा. तिन्हीतलं काहीच नसेल आणि नुसता गॅसचा छोटा डबा आणि गेज घेऊन आला असेल तर तो टॉप-अपच करणार. आणि काम सुरू व्हायच्या आधी आउटडोअरवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, त्यावर गॅस कोणता आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं.

पितळी_नट
शंभर टक्के सहमत. क्रम पण लिहून ठेवतो. आधी उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, मग नळीत नायट्रोजन दाबानं भरायचा, सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावायचा, जिथं बुडबुडा तिथं गळती. बुडबुडा दिसला नाही तर दाब तसाच ठेवून काही तास गेजचा काटा बघायचा. गळती सापडली की दुरुस्ती, परत दाब, मग व्हॅक्यूम पंप किमान २०-३० मिनिटं, म्हणजे आतली हवा आणि ओल निघून जाते, आणि मग काट्यावर सिलिंडर ठेवून स्टिकरवर लिहिलाय तेवढाच गॅस. इन्व्हर्टर एसीत नुसतं गेज बघून भरता येत नाही कारण कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलतो आणि त्याप्रमाणं दाबही.

घरगुती स्प्लिटमध्ये गळतीची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे फ्लेअरचा जोड, तो पितळी नट. बसवताना नळीचं तोंड नीट फुलवलं नाही, नट कमी आवळला किंवा नको तेवढा आवळून चीर पाडली, की गळती आलीच. हे दहा मिनिटांचं काम असतं, म्हणून आधी तिथं फेस लावायला सांगा.

आणि एक अगदी महत्त्वाचं, ज्यांना कोणाला हे काम करताना बघायला मिळेल त्यांनी लक्षात ठेवा: दाबाची तपासणी नायट्रोजननंच. काही लोक वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरतात. नळीत तेल असतं, तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आला की स्फोट होतो, माणसं गेलीत अशानं. ऑक्सिजनचा सिलिंडर लावताना दिसला तर सरळ थांबवा, राग आला तरी चालेल.

खाडीकिनारी
आमचा प्रॉब्लेम जरा वेगळा. राहायला ऐरोलीत, खाडीच्या बाजूला. एसीची इनडोअर कॉइल दोन उन्हाळ्यांत गळली, बदलली, नवीन पण गळायला लागली. जोड सगळे बरोबर आहेत, गळती कॉइलच्या मधोमध, बारीक बारीक भोकं. कंपनीचा माणूस म्हणतो तुमच्याकडची हवाच तशी आहे. हे खरं असतं का की टाळाटाळ?

पितळी_नट
दुर्दैवानं खरं असतं. खाडी, उघडे नाले, सांडपाण्याची केंद्रं यांच्या आसपासच्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, तो तांब्याला खातो, तांबं काळं पडतं आणि बारीक छिद्रं पडतात. एक सोपी खूण सांगतो, घरातली चांदीची भांडी, देवाचे टाक, पैंजण हे पुसले तरी लगेच काळे पडत असतील तर तुमच्या हवेत तोच गॅस आहे आणि एसीच्या तांब्यालाही तो लागतोय.

उपाय पूर्ण असा नाही. कॉइल बदलताना वरून संरक्षक थर दिलेली मागा, आणि नुसती बाहेरची नाही, आतलीसुद्धा, कारण खोलीतली हवा तीच आहे. खिडक्या नाल्याच्या बाजूला असतील तर एसी चालू नसतानाही त्या बाजूच्या बंद ठेवा. ॲल्युमिनियमची कॉइल सल्फाइडला तांब्यापेक्षा बरी टिकते, पण गळली तर तिची दुरुस्ती फार कठीण. वॉरंटी कार्डवर गंज वगळलाय का ते खरेदीच्या वेळीच वाचा, नंतर वाद घालून उपयोग होत नाही.

बंदरावरची
रत्नागिरीकडं आमचं उलट आहे. आतली कॉइल ठीक पण बाहेरच्या युनिटचे पंख (जाळीतल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या) पांढरी पावडर होऊन गळून पडतात, पत्रा गंजतो, स्टँडचे बोल्ट गंजतात. खारी हवा. मी एक करते, पावसाळा सोडून दर महिन्याला मेन स्विच बंद करून बाहेरच्या जाळीवरून गोड्या पाण्याचा हलका फवारा मारते, जोरात नाही, नाहीतर पंख वाकतात. त्यानं मीठ धुतलं जातं, फरक पडलाय. आणि स्टँड तेवढा गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचा घ्या हो, गंजलेल्या ब्रॅकेटवर तीस-पस्तीस किलोचं धूड लटकतंय आणि खालून पोरं जातायत हे बघून माझा जीव वरखाली होतो.

पितळी_नट
ताई, बरोबर करताय. ब्रॅकेटचं सांगितलंत ते सगळ्यांनीच मनावर घ्या.

वऱ्हाडी_ऊन
भाऊ, अकोल्यावरून लिहितो. आमच्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर जाते, अन् एसी सकाळी मस्त चालते, दुपारी दोन-अडीचला बाहेरचं युनिट बंद पडते, आत नुसता पंखा फिरत राह्यते. संध्याकाळी आपोआप परत चालू. दोन माणसं येऊन गेले, एकानं गॅस सांगितला, एकानं कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं. संध्याकाळी चालते तं कॉम्प्रेसर गेला कसा?

पितळी_नट
भाऊ, तुमचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. कॉम्प्रेसर गेला असता तर संध्याकाळीही चालला नसता. हे तापून बंद पडणं आहे, कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला थांबतो.

एसीची जी ताकद डब्यावर लिहिलेली असते ती बाहेर ३५ डिग्री धरून मोजलेली असते. ४५-४६ ला उष्णता टाकायलाच जागा राहत नाही, गार करायची ताकद कमी होते आणि वीज जास्त ओढली जाते. त्यात युनिट पश्चिमेच्या भिंतीवर असेल, कोनाड्यात कोंबलेलं असेल, समोर ग्रिल किंवा पत्रा असेल तर त्यानं फेकलेली गरम हवा तेच परत आत घेतं.

आधी हे बघा: जाळी मागच्या बाजूनं धुतलीये का, पुढं किमान दोन-तीन फूट मोकळं आहे का, पंखा पूर्ण वेगानं फिरतोय का. वरून सावली करा, पण चारी बाजूंनी झाकू नका. आणि तुमच्याकडं काही जण जाळीवर बोअरचं पाणी सोडत राहतात ते करू नका, त्या पाण्यात क्षार फार, काही दिवसांत पंखांवर पांढरा थर बसतो आणि हवा जाणंच बंद होतं. बंदरावरच्या ताई मारतात तो गोड्या पाण्याचा अधूनमधूनचा फवारा वेगळा.

वऱ्हाडी_ऊन
बरोबर हाय, युनिट गच्चीवर पत्र्याच्या खोक्यात हाय, माकडं येतात म्हणून केलं होतं. उद्याच पत्रा काढून जाळी लावतो.

घरचा_इलेक्ट्रिशियन
ट्रिप होण्यावर मी लिहितो, माझं रोजचं काम आहे. एसी लावला की काही मिनिटांत एमसीबी पडत असेल तर सगळ्यात आधी सॉकेट बघा. दीड टनाचा एसी ७-८ अँपिअर तासन्‌तास ओढतो, सॉकेटची पकड सैल झाली की तिथं तापतं, प्लगची पिन काळी पडते, प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. हे दिसलं की वापर बंद, सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, एकच बदलून होत नाही. एसीला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, थेट बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची वायर, स्वतःची एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्डावर एसी कधीच नाही.

आणि कृपा करून एमसीबी पडते म्हणून मोठी लावू नका. लोक २० ची काढून ३२ ची लावतात, ट्रिप होणं थांबतं आणि सगळे खूश, पण आता वायर जळेपर्यंत एमसीबी पडणार नाही. आगी अशाच लागतात.

जुन्या नॉन-इन्व्हर्टर एसीत अजून एक, बाहेरचा पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर घुंऽऽ करून थांबतो, थोड्या वेळानं परत घुंऽऽ, असं असेल तर बहुतेकदा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. काही शे रुपयांची वस्तू, पण स्वतः हात घालू नका, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो आणि जोरात झटका बसतो. कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं तर आधी कपॅसिटर मीटरवर मोजून दाखवा म्हणावं.

गावठाण
व्होल्टेजचं काय? आमच्या गावात संध्याकाळी १७० पर्यंत येतं, कधी अचानक २६० पण. दुकानदार म्हणाला इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागत नाही.

घरचा_इलेक्ट्रिशियन
लागत नाही हे त्या एसीच्या चालणाऱ्या व्होल्टेजच्या मर्यादेत असेपर्यंत खरं. ती मर्यादा माहितीपुस्तिकेत किंवा स्टिकरवर असते, बघा. १७० काही मॉडेलना चालतं, काहींना नाही, पण अचानक येणारं २६० हे पीसीबीसाठी (एसी चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) वाईट, आणि इन्व्हर्टरचा पीसीबी महाग असतो. गावाकडं मी तरी स्टॅबिलायझर लावाच म्हणेन, दीड टनाला साधारण ४ केव्हीएचा. लाइट जाऊन परत आली की कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं सुरू होत नाही, ते बिघाड समजू नका, आतला दाब समान व्हायला तेवढा वेळ मुद्दाम ठेवलेला असतो.

पुणेरी_गॅलरी
इनडोअरमधून पाणी गळतंय भिंतीवर, नवीन रंग दिलाय हो. फिल्टर स्वच्छ आहे. सर्व्हिसिंग पण झालंय.

पितळी_नट
पाण्याचा आणि गॅसचा संबंध क्वचितच असतो, त्यामुळं कोणी गॅस म्हणालं तर ऐकू नका. दमट दिवसात दीड टनाचा एसी तासाला लीटर-दोन लीटर पाणी काढतो (दोन लीटर पाणी काढायला त्याची जवळजवळ पाव ताकद लागते), ते सगळं एका ट्रेमधून एका बारीक पाइपनं बाहेर जायचं असतं. त्या पाइपात शेवाळ आणि धुळीचा चिकट गोळा बसतो. बाहेरच्या टोकाला पायपंप लावून किंवा व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून बघा, बरंचसं तिथंच मोकळं होतं.

नाही झालं तर पाइपचा उतार बघा, मध्येच कुठं वर चढला असेल तर पाणी थांबतं. टोक बादलीत बुडवलंय का? पुष्कळ लोक पाणी साठवायला बादली ठेवतात, चांगली सवय आहे, पण टोक पाण्यात बुडालं की हवा कोंडते आणि पाणी मागं येतं. टोक पाण्याच्या वर ठेवा. आणि सर्व्हिसिंग नुकतंच झालंय म्हणताय, तर ट्रे परत नीट बसलाय का आणि युनिट एका बाजूला कललंय का ते स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, सर्व्हिसनंतर लगेच गळायला लागलं तर बहुतेकदा हेच असतं.

पुणेरी_गॅलरी
बादलीच होती! टोक वर घेतलं, थांबलं. मनापासून आभार.

लेकुरवाळी
वासाचं विचारायचं होतं. एसी लावला की पहिली पाच मिनिटं ओल्या मोज्यांसारखा कुबट वास येतो, बाळ त्याच खोलीत झोपतं म्हणून काळजी वाटते. फिल्टर दर पंधरवड्याला धुते.

मीटर_रीडिंग
फिल्टरच्या मागची कॉइल आणि तो लांब गोल ब्लोअर, खरी घाण तिथं असते, ओल्या जागी बुरशी आणि जिवाणू वाढतात. ब्लोअरच्या पात्यांवर टॉर्च मारून बघा, काळा थर दिसेल. फोम आणि वॉटर जेटची सर्व्हिस करून घ्या, पण ब्लोअरपर्यंत करायला सांगा, नाहीतर नुसती पुढची कॉइल धुऊन जातात. नंतर रोज बंद करायच्या आधी १५-२० मिनिटं फक्त फॅन मोडवर चालवा म्हणजे आतलं वाळतं. सुगंधी स्प्रे मारू नका, बाळ आहे, आणि त्यानं थर अजून चिकट होतो.

पितळी_नट
बरोबर. एक भर, वास कुबट नसून गटारासारखा असेल तर ड्रेन पाइप बाथरूमच्या किंवा सांडपाण्याच्या लाइनला थेट जोडलेला असतो, त्यातून गटाराची हवा खोलीत येते. मध्ये पाणी साठणारा वाकडा ट्रॅप हवा किंवा पाइप उघड्यावर सोडायला हवा. बाळाच्या खोलीत हे लगेच बघून घ्या.

शांत_सांज
एक छोटी भर. रिमोट चालत नसेल तर सेल बदलायच्या आधी मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्यासमोर धरा आणि बटण दाबा, जांभळट उजेड लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात दिसत नाही, पुढच्यानं बघा.

नागमोडी
आमच्या सोसायटीत सध्या पीसीबी जायची साथ आली आहे, दोन घरांत आतून मेलेली पाल निघाली. हे कसं टाळायचं?

घरचा_इलेक्ट्रिशियन
पाली आणि मुंग्या उबेला येतात, दोन टर्मिनलवर एकदम पाय पडला की शॉर्ट. भिंतीतून नळी आत येते ते भोक पुट्टीनं पूर्ण बुजवा, बसवणारे बऱ्याचदा तसंच सोडून जातात. बाहेरच्या युनिटच्या पीसीबीच्या डब्याचं झाकण नीट स्क्रूनं बसलंय का बघा. हिवाळाभर एसी बंद असेल तर प्लग काढून ठेवा.

सातवा_मजला
अपडेट देते. नायट्रोजनवाला माणूस मिळाला. गळती बाहेरच्या युनिटच्या फ्लेअर नटापाशीच निघाली, नळीच्या तोंडाला चीर होती. तोंड कापून नव्यानं फुलवलं, दाब लावून ठेवला, काटा हलला नाही, मग व्हॅक्यूम आणि काट्यावर गॅस. आता फरक ११ डिग्री येतोय. गेल्या वर्षी ज्यांनी नुसता भरला होता त्यांच्या कंपनीकडं तक्रार केली तर उत्तर नाही, १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंदवलीये.

पण मला वेगळंच बोलायचंय. आमचं आउटडोअर सातव्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीला आहे. आलेला मुलगा विशीतला, खिडकीतून सरळ बाहेर उतरला, एक पाय ब्रॅकेटवर, एक पाय पाइपवर, कमरेला काही नाही. मी त्याला परत आत घेतलं आणि बेल्ट आणि दोर असल्याशिवाय काम नको म्हणाले, तो म्हणाला मॅडम, सगळीकडं असंच करतो. दुसऱ्या दिवशी बेल्ट घेऊन आला. पण आपण सगळे हे रोज बघतो आणि चालवून घेतो.

पितळी_नट
ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. या धंद्यातली पोरं पडतात, मी ओळखीचा माणूस गमावलाय. त्यांना नगावर पैसे मिळतात, घाई असते, बेल्ट मागायची सोय नसते. तेव्हा ज्यांच्या घरी काम आहे त्यांनीच बुकिंग करताना सांगायचं की आउटडोअर बाहेर आहे, बेल्ट आणि दोन माणसं पाठवा, त्याचे जास्त पैसे देऊ. पावसात काम लावून घेऊ नका. आणि नवीन घर घेणाऱ्यांनी, सोसायटीच्या कमिटीत असणाऱ्यांनी बिल्डरला आधीच विचारा की आउटडोअर ठेवायला हात पोचेल अशी बाल्कनी किंवा डक्ट आहे का.

नागमोडी
यंदा टॉप-अप थांबवला. एएमसीवाल्याला गळती शोधून द्या म्हटलं तर ते एएमसीत बसत नाही म्हणाला. पैसे देऊन बाहेरून करून घेतोय.

काटकसर
१८ वर ठेवलं की लवकर गार होतं का? घरात यावरून रोज भांडण.

मीटर_रीडिंग
जुन्या नॉन-इन्व्हर्टरमध्ये अजिबात नाही, १८ लावा नाहीतर २४ लावा, कॉम्प्रेसर एकाच वेगानं चालतो, फक्त १८ ला थांबत नाही. इन्व्हर्टर सुरुवातीला वेग वाढवतो, पण २४ ला सुद्धा खोली गरम असेल तर तो पूर्ण वेगानंच सुरू होतो. एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईईचं (स्टार रेटिंग देणारी केंद्र सरकारची संस्था) म्हणणं आहे, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगच्या एसींना सुरू होताना २४ च दाखवायची सक्ती पण म्हणूनच आहे. २५-२६ आणि वर पंखा एक नंबरवर, आम्ही असंच झोपतो.

भाड्याचं_घर
घर बदलतोय पुढच्या महिन्यात, एसी सोबत न्यायचाय. आधीच्या वेळी काढताना सगळा गॅस सोडून दिला आणि नवीन घरी भरायचे वेगळे पैसे घेतले. हे असंच असतं?

पितळी_नट
नाही. गॅस बाहेरच्या युनिटमध्येच बंद करून नेता येतो, त्याला पंप डाउन म्हणतात. एसी कूलवर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करतात, गॅस सगळा आउटडोअरमध्ये ओढला गेला की जाड नळीचा बंद करतात आणि लगेच मशीन बंद. बुकिंग करतानाच पंप डाउन करून हवाय असं सांगा.

हे स्वतः करू नका, व्हिडिओ बघून तर नकोच. नळी आधी सोडवली किंवा मशीन जास्त वेळ चालू राहिलं तर कॉम्प्रेसर हवा ओढतो आणि तो फुटू शकतो. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि काही एसीत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो तर चांगलाच पेटतो, त्यामुळं काम चालू असताना खिडक्या उघड्या, जवळ सिगारेट, उदबत्ती, देव्हाऱ्यातला दिवा काही नको. तुमचा जुना आर-२२ चा असेल तर नवीन घरी कोणी आर-३२ भरून देतो म्हणाला तर नाही म्हणा, त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, ते मशीन त्यासाठी बनलेलंच नाही. स्टिकर बघून कोणता आहे ते इथं टाका, मग नवीन जागी नळी किती लांब लागणार ते पण सांगा.

भाड्याचं_घर
आर-३२ आहे, ७५० ग्रॅम लिहिलंय. नवीन घरी आउटडोअर गच्चीवर जाणार, साधारण दहा मीटर नळी लागेल असं वाटतं.

पितळी_नट
मग स्टिकरवरचा गॅस पुरणार नाही. तो ठरावीक लांबीच्या नळीपुरता असतो, त्याच्यावर मीटरमागं किती ग्रॅम वाढवायचा ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, ते पान शोधून ठेवा आणि माणसाला दाखवा. तुमच्या मॉडेलला जास्तीत जास्त किती मीटर नळी आणि किती उंची चालते तेही त्याच पानावर असेल, दहा मीटर त्यात बसतंय का ते आधी बघा, नसेल बसत तर गच्चीऐवजी खिडकीखालची जागा मालकाशी बोलून घ्या.